रेझिम सरोवरावरील आर्गामुम दुर्ग व त्याचा डेशियन संबंध

रुमानिया देशाच्या पूर्वभागांत, डॅन्यूब नदी व काळा समुद्र यांच्यामध्यें, दोब्रुजा नांवाचा प्रांत आहे. त्यांत समुद्रास लागून रेझिम नांवाचें विस्तीर्ण सरोवर असून त्या देशांतील सर्वांत मोठें सरोवर तें हेंच. त्याच्या पश्चिम कांठीं, झुरिलोव्का गांवाजवळ, डोलोझमान नांवाचें चुनखडीच्या कड्यांचें एक भूशिर पाण्यांत घुसलेलें आहे व त्यावर एका प्राचीन तटबंदीचे अवशेष आहेत. ग्रीक लोक या स्थळास ओर्गामे म्हणत. रोमन अमदानींत त्याचें आर्गामुम झालें. दक्षिणेस असलेल्या हिस्ट्रिया नगराचा बोलबाला इतका मोठा कीं, या दुर्गाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आणि ज्यांचें जातें त्यांतले पुष्कळ जण त्यास ‘डेशियन दुर्ग’ म्हणून मोकळे होतात. हें विशेषण त्यास कितपत शोभतें व त्यासाठीं जो पुरावा पुढें करतां येण्यासारखा आहे त्याची योग्यता काय, हें येथें पाहावयाचें आहे. डेशियन संबंध मुळींच नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. तो आहे, परंतु जेथें तो शोधला जातो तेथें नाहीं.

प्रथम डोळ्यांस जें दिसतें तें बाजूस सारलें पाहिजे. भूशिरावर आज जो तट व जे बुरूज दिसतात ते उत्तर रोमन काळांतील आहेत. पॉल निकोरेस्कू यांनीं १९२६ ते १९३२ या काळांत येथें उत्खनन केलें व ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांचे पाये उघडकीस आणले. १९६५ पासून मारिया कोया यांनीं तें काम पुन्हां हातीं घेतलें. सहाव्या शतकांत प्रोकोपियसनें जस्टिनियन बादशहाच्या बांधकामांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांतील किल्ल्यांच्या यादींत आर्गामो हें नांव आलें आहे, व तें या तटाच्या शेवटच्या काळाशीं जुळतें. डेशियन लोकांची स्वतःची दुर्गरचना पाहावयाची तर ती येथून फार दूर, कार्पेथियन पर्वतांत, सार्मिझेगेटुसाच्या परिसरांत पाहावी लागते. तेथें घडीव दगडांच्या दोन भिंती उभारून मधला गाळा दगडमातीनें भरलेला व लांकडी तुळयांनीं जखडलेला असे. डोलोझमानचा तट त्या जातीचा नव्हे. तेव्हां ‘दुर्ग’ हा शब्द रोमनांचा व ‘डेशियन’ हा शब्द दुसऱ्याच काळचा, अशी ही सांगड आहे.

‘सरोवरतीर’ हा शब्दही जपूनच वापरला पाहिजे. ग्रीक वसाहतकार प्रथम येथें उतरले तेव्हां हें सरोवर नव्हतें. तो समुद्राचा आखात होता. डॅन्यूबच्या गाळानें व वाळूच्या दांड्यांनीं तो हळूहळू कोंडला गेला. इ. स. च्या पहिल्या शतकांत थोरल्या प्लिनीनें त्यास सरोवरच म्हटलें आहे व त्याचा घेर ६३ रोमन मैल सांगून हाल्मिरिस असें नांव दिलें आहे. या ग्रीक नांवाचा अर्थ ‘खारट’ असा होतो. विसाव्या शतकांत समुद्राशीं असलेला मार्ग बंद केल्यावर पाणी गोडें झालें आणि नांवाचा अर्थही गेला. म्हणजे एकाच कड्याच्या पायथ्याशीं सातव्या शतकांतील ग्रीक नाविकाला बंदर दिसलें, ट्रेजनच्या अधिकाऱ्याला सरोवर दिसलें, आणि आजच्या प्रवाशाला तिसरेंच कांहीं दिसतें. स्थळाचें वर्णन करणाऱ्या प्रत्येक वचनास तें कोणत्या पाण्याविषयीं आहे हें आधीं विचारावें लागतें.

आतां नांवाकडे वळूं. ओर्गामेचा सर्वांत जुना उल्लेख मिलेटसच्या हेकाटीअसचा, म्हणजे इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरचा, असें सांगतात व तें बरोबरही आहे. परंतु हेकाटीअसचा ग्रंथ आज कोणापाशीं आहे? तो नष्ट झाला. त्यांतील अवतरणें इ. स. च्या सहाव्या शतकांत बायझँटियमच्या स्टेफानसनें आपल्या स्थलनामकोशांत घेतलीं. त्या कोशाचाही मूळ विस्तार बहुतांशीं नाहींसा होऊन केवळ संक्षेप उरला. आणि त्या संक्षेपाच्या मध्ययुगीन प्रतींवरून आपण वाचतों. गांधार व कास्पापिरस यांविषयींचीं हेकाटीअसचीं त्रोटक वचनेंही याच वाटेनें आपणांपर्यंत आलीं आहेत, म्हणून हिंदुस्थानच्या अभ्यासकांस ही वाट अपरिचित नाहीं. या चाळणींतून ओर्गामेसंबंधीं जें उरलें तें इतकेंच कीं, हें ‘इस्ट्रस’ वरील एक नगर आहे. आणि इस्ट्रस हें डॅन्यूब नदीचेंही नांव व शेजारच्या हिस्ट्रिया नगराचेंही नांव! नदीकांठचें म्हणावें तर डोलोझमान नदीच्या आजच्या पात्रांपासून दूर पडतें. नगराजवळचें म्हणावें तर वाक्याची ठेवण नदीकडेच अधिक झुकते. डॅन्यूबची एखादी दक्षिण शाखा पूर्वीं या आखातांत येत असावी असें धरलें कीं पेंच सुटतो. परंतु तें धरणें भूगोलाच्या आधारानें झालें, कोशाच्या आधारानें नव्हे. वचनांत गेटी किंवा डेशियन यांचा शब्दही नाहीं.

नांवाच्या रूपावरून तरी कांहीं हातीं लागतें काय? डेशियन व गेटी वस्तींच्या नांवांची ओळखण्याजोगी खूण म्हणजे शेवटीं येणारें ‘दावा’ हें पद. दोब्रुजांतच डॅन्यूबच्या कांठीं कापिदावा, साकिदावा, सुकिदावा हीं नांवें आढळतात. टॉलेमीनें आपल्या भूगोलांत अशा नांवांची रांगच दिली आहे. आणि ज्या ग्रंथांत पैठण व तेर यांचीं नांवें आपण इतक्या आदरानें वाचतों तो हाच ग्रंथ असल्यामुळें, त्याच्या प्रतींत नांवांचे व अंकांचे कसे हाल झाले आहेत हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ओर्गामे या नांवास तें पद नाहीं. त्याचा ग्रीक अर्थ सहज लागत नाहीं हें खरें, व म्हणून तें ग्रीकांच्या पूर्वींचें असूं शकेल. परंतु ‘ग्रीक नव्हे’ यावरून ‘डेशियन आहे’ असें निघत नाहीं.

ध्वनिसाम्यावर विसंबण्याची ही खोड युरोपांतच आहे असें नाहीं. कर्नल टॉड यानें राजस्थानाच्या इतिहासांत गेटी व जाट यांची एकी नांवाच्या साम्यावरून ठरवून टाकली व तिचा पगडा आपल्याकडे पुष्कळ वर्षें राहिला. त्यापूर्वीं तेराशें वर्षांवर योर्डानेस यानें गेटी व गॉथ एकच मानून गॉथांच्या इतिहासाचें नांव ‘गेटिका’ असें रूढ केलें. एका नांवावर तीन जातींचे हक्क लागले. त्यांपैकीं दोन तरी निव्वळ उच्चाराचे होते.

मग गेटी व डेशियन यांचा परस्परसंबंध कोणता? येथें स्ट्रॅबोचें म्हणणें मोलाचें आहे. त्याच्या मतें पूर्वेकडे व समुद्राच्या बाजूस राहणारे ते गेटी, आणि पश्चिमेकडे जर्मनीच्या व इस्ट्रसच्या उगमाच्या बाजूचे ते डेशियन. दोघांची भाषा मात्र एक. प्लिनी तर सरळ सांगतो कीं, गेटी म्हणून जे आहेत त्यांस रोमन लोक डेशियन म्हणतात. तेव्हां भाषेपुरतें पाहिलें तर दोब्रुजाच्या जुन्या रहिवाशांस डेशियनांचे सगोत्र म्हणण्यास हरकत नाहीं. हरकत आहे ती भाषेच्या नात्यावरून राजकीय मालकी ठरविण्यास. व्हासिले पार्वान हे हिस्ट्रियाचे आद्य उत्खनक व मोठ्या अधिकाराचे विद्वान. त्यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्ग्रंथास ‘गेटिका’ असें मुख्य नांव दिलें व खालीं ‘डेशियाचा आदिम इतिहास’ असें उपनांव जोडलें. मुखपृष्ठावरच दोन नांवें एक झालीं. पार्वान यांच्या विवेचनाचा विस्तार व त्यांची दृष्टि यांविषयीं आदर बाळगूनही असें म्हटलें पाहिजे कीं, पुढील सामान्य लेखकांनीं त्यांचा ग्रंथ न वाचतां त्याचें मुखपृष्ठच तेवढें उचललें.

भूमींतून निघालेला पुरावा याहून बोलका आहे, पण तोही भलतेंच बोलत नाहीं. ग्रीक येण्यापूर्वीं या भूशिरावर माणसें होतीं हें निश्चित. आरंभीच्या लोहयुगांतील मानवी अस्थींचा एक खड्डा येथें सांपडला आहे. जवळच बाबादाग येथें, दुसऱ्या एका सरोवराच्या कांठीं, त्याच युगाची तटबंदीची वस्ती होती व तेथील उत्खननावरून त्या संस्कृतीस बाबादाग हें नांव मिळालें. या लोकांस गेटींचे पूर्वज म्हणण्याचा प्रघात आहे. असतीलही. पण गेटी हें नांव इतिहासांत प्रथम दिसतें तें हिरोडोटसच्या लेखणींतून, दरायसच्या इ. स. पू. ५१३ च्या सुमाराच्या स्वारीच्या हकीकतींत. आणि तोही त्यांस थ्रेशियनांतच मोजतो. त्यापूर्वींच्या हाडांस नांव नसतें. ती उणीव शोधकानें भरून काढण्याचें कारण नाहीं.

यानंतर स्मशानाची साक्ष. वस्तीबाहेरच्या थडग्यांत एक मोठा मातीचा उंचवटा असून त्यांतील दहनविधि इ. स. पू. सातव्या शतकाच्या मध्याचा ठरला आहे, व त्या जागीं पुढें कित्येक पिढ्या नैवेद्य वाहिला जात असे. वसाहतीच्या मूळपुरुषाची ही पूजा असावी, हा तर्क सयुक्तिक दिसतो. हा विधि ग्रीक आहे, भांडीं ग्रीक आहेत. यांच्याबरोबर काळ्या समुद्राच्या या किनाऱ्यावरील ग्रीक वस्तींत सर्वत्र हातानें घडविलेलीं ओबडधोबड मडकींही मिळतात व तीं स्थानिक परंपरेचीं असतात. एवढ्यावरून कोणी तेथें गेटींची सत्ता पाहतात. मडकें बाजारांतून येतें, दासीबरोबर येतें, नवरीबरोबर येतें. त्याच्याबरोबर राज्य येत नाहीं. स्वयंपाकघरांत कोणाचा हात होता एवढें तें सांगतें, आणि तेवढें सांगणें ही लहान गोष्ट नव्हे.

राज्यसंबंधाचें खरें स्वरूप हिस्ट्रियाच्या शिलालेखांवरून समजतें. इ. स. पू. तिसऱ्या शतकांतील एका ठरावांत झाल्मोडेगिकस नांवाच्या सरदाराकडे ओलिसांच्या सुटकेसाठीं गेलेल्या वकिलांचा गौरव आहे. त्यानंतरच्या आगाथोक्लीसच्या सन्मानलेखांत झोल्टेस याच्या टोळ्यांचे हल्ले, पैसा देऊन त्यांची केलेली बोळवण, आणि रेमाक्सस राजाकडे संरक्षणासाठीं केलेली याचना, अशी सविस्तर हकीकत आहे. पिकें कापणीस आलीं असतां शत्रूशीं रक्कम ठरवावयाची व शेत वांचवावयाचें, हा व्यवहार मराठी कागदपत्रें चाळणारास निराळा समजावून देण्याची गरज नाहीं. तटाच्या आंत ग्रीक, तटाबाहेरच्या मुलखावर स्थानिक राजा, आणि दोघांमध्यें खंडणीचा करार: असें हें नातें होतें. ओर्गामेचा उल्लेख या लेखांत नाहीं. पण हिस्ट्रियासारख्या सधन नगराची ही स्थिति, तर लहान शेजाऱ्याची याहून बरी कोठून असणार?

पुढें बुरेबिस्टाचें वादळ आलें. डिओनिसोपोलिस येथील आकोर्नियनच्या सन्मानलेखांत (इ. स. पू. ४८ च्या सुमाराचा) तो थ्रेसच्या राजांत पहिला व सर्वांत थोर म्हणून वर्णिला आहे, आणि डायो क्रिसोस्टम सांगतो कीं, गेटींनीं ओल्बियापासून अपोलोनियापर्यंत पाँटसच्या डाव्या किनाऱ्यावरील नगरें घेतलीं. ओर्गामे या दोन टोकांच्या मध्यें आहे. नकाशावरून तें पडलें असें म्हणणें सुसंगत होय. ग्रंथावरून तसें म्हणणें मात्र खोटें होय, कारण डायोनें त्याचें नांव घेतलेलें नाहीं. हा भेद क्षुल्लक वाटेल, परंतु अशा ‘मध्यें आहे’ यांतूनच पुढें ‘सांगितलें आहे’ निर्माण होतें.

पाण्यावरच्या गेटी दुर्गाचें एक खरेंखुरें उदाहरण ग्रंथांत आहे, आणि त्याची भुरळ पडणें स्वाभाविक आहे. डायो कॅशिअसच्या ५१ व्या भागांत मार्कस क्रॅससच्या इ. स. पू. २९–२८ च्या मोहिमेचें वर्णन येतें. त्यांत झिराक्सेस राजाच्या गेनुक्ला या सर्वांत बळकट ठाण्याला क्रॅससनें जमिनीवरून व पाण्यावरून वेढा घातला. कारण बास्टार्नींनीं पूर्वीं हिस्ट्रियाजवळ गायस अँटोनियसचा पराभव करून हिरावलेलीं रोमन निशाणें तेथें आहेत असें त्याच्या कानीं आलें होतें. राजा स्वतः सिथियनांची मदत आणावयास गेला होता. त्याच्या माघारीं, थोड्या दिवसांत पण पुष्कळ श्रमानें, ठाणें पडलें. डायोच्या ग्रंथाचा हा भाग हस्तलिखितांत अखंड राहिला आहे, संक्षेपरूपानें नव्हे, म्हणून साक्ष वजनदार आहे. परंतु पाण्यावरचा हल्ला इस्ट्रस नदींतून झाला असें तो स्पष्ट म्हणतो. तेव्हां गेनुक्ला नदीकांठीं शोधावें. हाल्मिरिसच्या खाऱ्या पाण्यावर तें आणून बसविण्याचा अधिकार कोणास नाहीं.

येथवर सर्व नकार झाले. आतां जेथें संबंध खरोखर सांपडतो त्या कागदाकडे, किंबहुना दगडाकडे, येऊं. पार्वान यांस हिस्ट्रियाच्या पहिल्याच उत्खननांत एक दीर्घ लेख मिळाला व तो त्यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत मीशियाच्या एकामागून एक आलेल्या सुभेदारांचीं ग्रीक पत्रें व शेवटीं एक लॅटिन निवाडा आहे. तंटा मासळीचा. डॅन्यूबच्या पेउके मुखांतील मासेमारी व तेथील लांकूडतोड हिस्ट्रियाच्या लोकांस पूर्वापार माफ होती. खारवलेल्या मासळीखेरीज नगरास दुसरें उत्पन्न जवळजवळ नाहीं, असें त्यांचें गाऱ्हाणें एका सुभेदाराच्या पत्रांत नमूद आहे. पुढें कारागोनियस फिलोपालेस्ट्रस नांवाच्या जकातीच्या मक्तेदारानें हक्क सांगितला, आणि सुभेदार मानियस लाबेरियस माक्सिमस यानें ता. २५ ऑक्टोबर इ. स. १०० रोजीं हिस्ट्रियाची चतुःसीमा ठरवून दिली.

त्या चतुःसीमेंत पेउके आहे, हाल्मिरिस सरोवर आहे, आणि त्यानंतर आर्गामुमकर लोकांचा निर्देश आहे. ओळ मध्येंच तुटलेली असून संपादकांनीं जोडलेलीं अक्षरें व दगडावरचीं अक्षरें यांत फरक राखूनच ती वाचली पाहिजे. पण आर्गामुमकरांचें नांव दगडावरचें आहे. डोलोझमान म्हणजेच आर्गामुम हा निर्णय मुख्यतः या सीमेच्या क्रमावर उभा आहे. पुढें डोंगराची धार, मग पिकुस्कुलुस व गाब्रानुस या ओढ्यांचा संगम, मग कालाबेउसपर्यंतची वाट, अशी शीव सांगितली आहे. हद्दमहजर वाचण्याची संवय असलेल्यास हा मजकूर घरचाच वाटेल: धार, ओढा, संगम, पुन्हां ओढा. आणि स्थानिक भाषेचा अंश शोधावयाचाच तर तो या ओढ्यांच्या नांवांत शोधावा. नगराचें नांव राज्यकर्ते बदलतात. ओढ्याचें नांव गुरें पाण्यावर नेणारे लोक टिकवितात. या नांवांचा अभ्यास दुर्गाच्या नांवावर खर्च झालेल्या शाईच्या दशांश शाईनें जरी झाला, तरी गेटी भाषेविषयीं अधिक कळेल असें आम्हांस वाटतें.

आतां तारीख पाहा. ऑक्टोबर १००. इ. स. १०१ सालीं ट्रेजननें डेशियाविरुद्ध पहिलें युद्ध पुकारलें. त्याच्या पहिल्याच हिंवाळ्यांत शत्रूनें डॅन्यूब ओलांडून याच प्रांतावर प्रतिहल्ला केला, आणि आदामक्लिसी येथें इ. स. १०९ मध्यें उभारलेलें विजयस्मारक दोब्रुजाच्याच भूमीवर आहे. आर्गामुमच्या शेजारची शीव आंखणारा लाबेरियस माक्सिमस हा त्या युद्धांतील सेनानायक होता. डेशियन राजा डेसिबालस याची बहीण त्यानें पकडली, असें डायो कॅशिअस सांगतो. हा भाग मात्र डायोच्या मूळ शब्दांत नसून अकराव्या शतकांतील झिफिलिनस या साधूनें केलेल्या संक्षेपांत उरला आहे, व तो त्याच मापानें तोलावा. मासळीच्या तंट्याचा व युद्धाच्या तयारीचा कांहीं संबंध होता काय? सरहद्दीवरील नगरें संतुष्ट ठेवणें युद्धापूर्वीं शहाणपणाचें असतें, हें खरें. परंतु लेखांत त्याचा वास नाहीं, म्हणून आम्ही तारखांच्या सान्निध्यापलीकडे जात नाहीं.

याच लाबेरियसच्या घरचा आणखी एक माणूस इतिहासांत डोकावतो. धाकटा प्लिनी बिथिनियाचा अधिकारी असतां त्यानें ट्रेजनला लिहिलेल्या एका पत्रांत कालिड्रोमस नांवाच्या इसमाची जबानी दिली आहे. निकोमीडिया येथें दोन भटारी त्यास अडकवून ठेवीत होते; तो पळून बादशहाच्या पुतळ्याच्या आश्रयास गेला. चौकशींत त्यानें सांगितलें कीं, आपण पूर्वीं लाबेरियस माक्सिमसचा गुलाम; मीशियांत सुसागस यानें आपणांस पकडलें; डेसिबालसनें आपणांस पार्थियाचा राजा पाकोरस यास भेट म्हणून पाठविलें; तेथें पुष्कळ वर्षें चाकरी करून आपण निसटलों. डेशियाच्या राजाचे हात पार्थियापर्यंत पोंचले होते, ही गोष्ट या पळपुट्या चाकराच्या तोंडूनच आपणांस कळते. हिस्ट्रियाचा निवाडा लिहिला जात असतां हा माणूस धन्याच्या पदरीं होता काय हें पत्रांत नाहीं. पण मीशियांतील त्याच सुभेदारी घराच्या चाकरीतून तो शत्रूच्या हातीं पडला, एवढें त्यांत आहे.

या पत्राचा प्रवासही संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. प्लिनी व ट्रेजन यांचा पत्रव्यवहार पॅरिस येथील एकाच जुन्या हस्तलिखितांत होता. फ्रा जिओकोंडो यानें इ. स. १५०० च्या सुमारास तें पाहून त्याची नक्कल करविली; इ. स. १५०२ मध्यें आवान्टियसनें त्यांतील कांहीं भाग छापला व कालिड्रोमसचें पत्र त्या भागांत आलें. संपूर्ण पत्रव्यवहार आल्डस मानुटियसनें १५०८ मध्यें छापला. मूळ हस्तलिखित त्यानंतर नाहींसें झालें. हिस्ट्रियाचा दगड अठराशें वर्षें मातीखालीं राहून हातीं आला, आणि हें पत्र, एका माणसानें वेळेवर नक्कल करविली म्हणून, राहिलें.